चालत्या गाडीवर पॉवर स्टेशन: अल्टरनेटर, केबल आणि मराठवाड्यातलं ऊन

पॉवर स्टेशनच्या, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरी-पेटीच्या, खोक्यात गाडीच्या लायटर सॉकेटला लावायची वायर येते. ती लावली की चार्जिंग सुरूही होतं, पण स्क्रीनवरचा आकडा शंभर वॅटच्या आसपास थांबतो. त्या वायरीवरून स्टेशन ८ ते १० अँपिअरपेक्षा जास्त ओढतच नाही. ते योग्यही आहे, कारण सॉकेटमागचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो आणि वायर त्याच मापाची बारीक असते. १ किलोवॅट-तासाचं स्टेशन या वेगाने भरायला दहा-अकरा तास गाडी चालवावी लागेल. छत्रपती संभाजीनगरहून बीड, धाराशिव करत तुळजापूर गाठायला पाचएक तास लागतात. तेवढ्यात ते जेमतेम निम्मं भरतं.

ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोटरहोमसाठी आम्ही केलेली जोडणी रस्त्यावर ४०० वॅट देते आणि कडक उन्हाळ्यात ३०० वॅटवर आणता येते. काम ज्या क्रमाने केलं, जवळपास त्याच क्रमाने इथे लिहीत आहोत.

४०० चा आकडा गरजेवरून काढला. १२ व्होल्टचा मध्यम आकाराचा कंप्रेसर फ्रिज मराठवाड्यातल्या मे महिन्यात दिवसाला ५०० ते ७०० वॅट-तास घेतो. थंडीत जवळपास निम्म्यावर येतो. बीएलडीसी पंखा ३० वॅटचा धरला तर रात्रभरात अडीचशे-तीनशे. दिवे, फोन, पाण्याचा छोटा पंप मिळून आणखी शंभर. म्हणजे दिवसाचा हिशेब १ किलोवॅट-तासाच्या आसपास जातो. ४०० वॅट मिळाले तर अडीच ते तीन तासांच्या प्रवासात तो वसूल होतो, आणि मोटरहोमवाले एका दिवसात तेवढी गाडी सहज चालवतात. ८०० वॅट घेऊन तोच हिशेब दीड तासात उरकता येतो, पण त्याची किंमत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून गाडीची वीज तयार करणारं यंत्र, मोजतो.

अल्टरनेटरच्या पाठीवर १२० अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा थंड हवेतला आणि जवळपास पूर्ण वेगातला. बॉनेटखाली तापलेला तोच अल्टरनेटर इंजिन आयडलवर असताना त्याच्या निम्मे, कधी निम्म्याहूनही कमी अँपिअर देतो. आता गाडीचा स्वतःचा खर्च मांडा. ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), इंधनाचा पंप, सेन्सर यांना १० ते १५ अँपिअर. हेडलाइट आणि मागचे दिवे १० ते १२. छतावरच्या एसीचे ब्लोअर २० ते ३०, कंडेन्सरचे पंखे १५ ते २०, कंप्रेसरचा क्लच ४. रात्री एसी लावून निघालेल्या गाडीची बेरीज साठ-सत्तरवर सहज जाते. म्हणजे जालन्याच्या मोंढ्याजवळ कोंडीत उभ्या असलेल्या गाडीत स्टेशन जोडण्याआधीच अल्टरनेटर तुटीत असतो आणि फरक स्टार्टर बॅटरी भरून काढत असते. त्यावर आणखी ३३ अँपिअरचा भार (४०० वॅटसाठी तेवढे लागतात) टाकला, तर ते सगळे ३३ बॅटरीतूनच जातात. स्टेशन भरतं, पुढच्या थांब्यावर गाडी सुरू होत नाही, आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

म्हणून आम्ही नियम असा ठेवला: अल्टरनेटरच्या पट्टीवर (लेबलवर) लिहिलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि एप्रिल ते जूनमध्ये चौथ्या हिश्शावर थांबायचं. १२० अँपिअरच्या अल्टरनेटरवर यातून साधारण ४०० वॅट निघतात, ९० च्या अल्टरनेटरवर ३००. गाडीचा अल्टरनेटर कितीचा आहे ते त्याच्या पट्टीवर किंवा भाग-क्रमांकावरून बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. एकाच गाडीच्या एसी आणि बिनएसी आवृत्तीत तो वेगळा असू शकतो. बॅटरीवर मीटर लावून व्होल्टही बघा. मोठ्या बसच्या सांगाड्यावरच्या गाड्या २४ व्होल्टच्या असतात आणि खालचे सगळे आकडे १२ व्होल्टचे आहेत.

हा नियम उष्णतेसाठी आहे. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात असते. स्टेशनसाठी ४६० वॅट जादा मागितले, तर अल्टरनेटरच्या आत आणखी साडेतीनशे वॅट उष्णता तयार होते. ती बाहेर काढायला त्याच्याकडे स्वतःचा छोटा पंखा आणि बॉनेटखालची हवा एवढंच असतं. परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ ला गेलेला असताना बॉनेटखालची हवा आधीच भट्टीसारखी असते. आधी जातो तो बहुधा मागच्या बाजूचा डायोडचा संच, नाहीतर रेग्युलेटर. बेअरिंगचं ग्रीस सुकतं ते हळूहळू. यातलं काहीही पहिल्या प्रवासात दिसत नाही, म्हणून ८०० वॅटची जोडणी करून हिवाळ्यात फिरून आलेल्यांचा “काही होत नाही” हा निर्वाळा मराठवाड्यातल्या उन्हाळ्याला लावू नये.

स्टेशनपर्यंत वीज पोचवायचे तीन रस्ते आहेत. पहिला, स्टार्टर बॅटरीवर इन्व्हर्टर आणि त्यावर स्टेशनचा घरगुती चार्जर. दुसरा, मोटरहोमच्या राहत्या भागातल्या वेगळ्या बॅटरीसाठी असतो तो डीसी-डीसी चार्जर. तो १४.४ व्होल्ट देतो आणि स्टेशन त्याला लायटर सॉकेटच समजतं, त्यामुळे पुन्हा शंभर वॅट. तिसरा, बॅटरीचे १२ व्होल्ट बूस्ट कन्व्हर्टरने चढवून स्टेशनच्या सोलर इनपुटमध्ये घालायचे. स्टेशन बनवणाऱ्या काही कंपन्या ५०० ते ८०० वॅटचे तयार अल्टरनेटर चार्जर विकतात. ते घेतले तर कन्व्हर्टरचं काम वाचतं, पण केबल, फ्यूज आणि उष्णतेचं इथे लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे, आणि त्यांच्या ॲपमध्ये जाऊन वॅट कमी करून ठेवणं तर फारच गरजेचं आहे. आम्ही तिसरा रस्ता धरला.

सोलर इनपुटची पट्टी नीट वाचा. आमच्या स्टेशनवर १२ ते ६० व्होल्ट, १० अँपिअर, जास्तीत जास्त ५०० वॅट असं आहे. स्टेशन अँपिअरवर मर्यादा घालतं. त्यामुळे १३ व्होल्ट दिले तर १३० वॅट, ३० दिले तर ३०० आणि ४० दिले तर ४००. व्होल्ट हाच इथे नळ आहे: कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून ४० वर ठेवला की ४०० वॅट, उन्हाळ्यात ३० वर आणला की ३००. वरची मर्यादा मात्र कडक आहे. ६० व्होल्टच्या इनपुटला ५४ च्या वर नेऊ नका. जास्त अँपिअरची क्षमता असलेला कन्व्हर्टर जोडला म्हणून काही बिघडत नाही, जास्त व्होल्ट दिले तर इनपुट जळतं आणि वॉरंटीही जाते. स्टेशन जोडण्याआधी कन्व्हर्टरच्या आउटपुटवर मीटर लावून व्होल्ट ठरवा, मगच प्लग लावा.

कन्व्हर्टर स्टेशनच्या मागणीपेक्षा मोठा घ्या. स्टेशनमधला एमपीपीटी (सोलर पॅनलमधून जास्तीत जास्त वॅट काढणारा भाग) समोर पॅनल आहे असं समजून प्रवाह वाढवत जातो. ४०० वॅट हवे असताना ३०० वॅटचा कन्व्हर्टर लावला, तर तो प्रवाह वाढवता वाढवता कन्व्हर्टरला ओव्हरलोडमध्ये ढकलतो. कन्व्हर्टर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि स्क्रीनवर शून्य-दोनशे-शून्य असा खेळ चालू राहतो. ६०० वॅटचा कन्व्हर्टर ४०० वर निवांत चालतो. प्रवाह-मर्यादा ठरवता येणारा मिळाला तर उत्तम. तो बंद न पडता मर्यादेवर टिकून राहतो.

आता सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. साधा, आयसोलेशन नसलेला (इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून तोडलेले नसलेला) बूस्ट कन्व्हर्टर ‘बंद’ केला तरी इनपुटचे १२ व्होल्ट त्याच्या कॉइल आणि डायोडमधून आउटपुटला पोचतच राहतात. स्टेशनला वाटतं लायटर सॉकेट जोडलंय, आणि ते ८-१० अँपिअरने रात्रभर स्टार्टर बॅटरी ओढत बसतं. कन्व्हर्टरच्या ऑन-ऑफ पिनवर विसंबून मुक्कामाला थांबलात तर सकाळी गाडीला धक्का मारावा लागेल. यासाठी तोड इनपुटच्या बाजूला हवी, म्हणजे रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच). किंवा आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या. तो महाग असतो, पण त्यात ही वाट नसते, शिवाय गाडीची निगेटिव्ह आणि स्टेशनची निगेटिव्ह वेगळ्या राहतात. आयसोलेशन नसेल तर स्टेशनच्या १२ व्होल्ट आउटपुटची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला कुठेही लागू देऊ नका. नाहीतर प्रवाह नको त्या वाटेने फिरतो.

रिले ८० अँपिअरचा आणि सतत चालणारा घ्या. पार्टच्या दुकानात रिले मागितला की कधीकधी स्टार्टरचा सोलेनॉइड हातात ठेवतात. तो काही सेकंदांसाठी बनवलेला असतो, तासभर चालू ठेवला तर त्याची कॉइल जळते. रिलेची कॉइल इग्निशनवर चालवा. फ्यूज बॉक्समध्ये किल्ली ‘ऑन’ असताना जिवंत आणि स्टार्टर मारताना मेलेला असा फ्यूज मीटरने शोधा आणि फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर देणारा जोड) तिथून वायर घ्या. त्या वायरीत दोन गोष्टी ओळीने घातल्या आहेत: ६० सेकंदांचा टायमर, म्हणजे इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीला आधी दम घ्यायला वेळ मिळतो, आणि डॅशबोर्डवर दिवा असलेला एक साधा स्विच. हा स्विच या जोडणीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग आहे.

केवळ व्होल्ट बघून जोडणारा रिले, म्हणजे १३.३ ला चालू आणि १२.८ ला बंद होणारा, जुन्या गाड्यांवर चांगला चालतो. बीएस-६ गाड्यांमधला स्मार्ट अल्टरनेटर मात्र ईसीयूच्या सांगण्यावरून व्होल्ट वर-खाली करतो. वेग घेताना साडेबाराच्या जवळ येतो, उतारावर १५ ला टेकतो. अशा गाडीत तो रिले टकटक करत राहतो आणि काही महिन्यांत त्याचे संपर्क-बिंदू जळतात. इथे इग्निशनवरचाच रिले हवा, आणि कन्व्हर्टर १० ते १६ व्होल्ट इनपुट सहन करणारा हवा. कन्व्हर्टरच्या आतला लो-व्होल्टेज कट (व्होल्ट फार पडले की त्याला बंद करणारी मर्यादा) साध्या अल्टरनेटरवर १२.८ ला ठेवा. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर १२.२ पर्यंत खाली आणावा लागतो.

त्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तुमची निगेटिव्ह केबल थेट त्या टर्मिनलवर कसली, तर तुमचा ३३ अँपिअर प्रवाह सेन्सरला दिसतच नाही आणि ईसीयूचा बॅटरीचा हिशेब चुकत जातो. निगेटिव्ह सेन्सरच्या पलीकडे, म्हणजे बॅटरीची केबल चॅसिसला जिथे लागते त्या बोल्टवर घ्या.

केबलवर आम्ही सगळ्यात जास्त डोकं लावलं. ४०० वॅट बाहेर काढायला कन्व्हर्टर आत ४४० च्या आसपास घेतो, म्हणजे साडेतेरा व्होल्टला ३३ अँपिअर. बॅटरीपासून कन्व्हर्टर ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं होतं. ४ स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये १.७ व्होल्ट पडतात, ६ मध्ये १.१, १० मध्ये ०.७, १६ मध्ये ०.४३. केबल तापली की यात आणखी १५-२० टक्के. शिवाय कन्व्हर्टरला वॅट ठरलेले हवे असतात. व्होल्ट पडले की तो जास्त अँपिअर ओढतो, त्याने व्होल्ट आणखी पडतात, आणि लो-व्होल्टेज कट लागून सगळं बंद. बाजारात “३३ अँपिअरला ६ स्क्वेअर पुष्कळ झाली” असं सांगतात. जळण्याच्या हिशेबाने ते बरोबर आहे, व्होल्टच्या हिशेबाने नाही.

यावरचा उपाय जाड केबल हाच नाही. १२ व्होल्टचा टप्पा लहान करा. ४० व्होल्टच्या बाजूला फक्त १० अँपिअर वाहतात आणि तिथे ४ स्क्वेअरची सोलर केबल ५ मीटर नेली तरी जेमतेम १ टक्का जातो. म्हणून कन्व्हर्टर मागे स्टेशनजवळ न ठेवता चालकाच्या सीटमागे, बॅटरीपासून ३ मीटरवर बसवला आणि तेवढ्या टप्प्यालाच १६ स्क्वेअरची केबल वापरली. तिथे पडतात ०.२ व्होल्ट. बॉनेटखाली ठेवला तर केबल आणखी वाचेल, पण कन्व्हर्टर तिथल्या उष्णतेत टिकत नाही. सोलर केबल, एमसी४ (तिचे जोड-प्लग) आणि डीसी फ्यूज आता सौर पंपांमुळे तालुक्याच्या गावीही मिळतात, ही मोठी सोय आहे.

१६ स्क्वेअरची केबल बारीक तारांची, मऊ, पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम सर्रास मिळतं. एक तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. कलई केलेले १६-८ चे (१६ स्क्वेअरची केबल, ८ मिमीचा बोल्ट) थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या, आणि दाबायला षटकोनी क्रिम्पिंगचं हत्यार. ते गॅरेजमध्ये नसेल तर इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्यांकडे असतं. हातोडीने चेपलेला थिंबल वरून घट्ट वाटतो आणि आत सैल राहतो. १० मिलिओहमचा एकच वाईट जोड ३३ अँपिअरला ११ वॅट उष्णता तयार करतो, आणि ती नखाएवढ्या जागेत.

फ्यूज केबलसाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ, १५-२० सेंटीमीटरच्या आत. ६० अँपिअरचा मिडी फ्यूज (बोल्टने कसायचा) लावला, कारण बॉनेटखालच्या उष्णतेत फ्यूज त्याच्या आकड्याआधीच वितळतो आणि ४० चा लावला असता तर दुपारी विनाकारण गेला असता. घरातल्या विजेचा एमसीबी इथे लावू नका. ४० व्होल्टच्या बाजूला गाडीचे पात्याचे फ्यूजही चालत नाहीत, ते ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. तिथे सोलरचा १५ अँपिअरचा १० × ३८ फ्यूज होल्डरसह बसवला.

निगेटिव्हसाठी बॉडीवर भरवसा ठेवला नाही. मोटरहोमची मागची बॉडी फायबर आणि ॲल्युमिनियमच्या पॅनलची असते, जोड रिवेट आणि चिकटवणीचे. कन्व्हर्टरपासून चॅसिसच्या बोल्टपर्यंत पूर्ण १६ स्क्वेअरची केबल नेली, रंग घासून उघडं लोखंड केलं, कसलं आणि वरून ग्रीस लावलं. केबल नेताना प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, वरून नळीदार फ्लेक्सिबल पाइप, दर ३० सेंटीमीटरला क्लॅम्प. डिझेलच्या आणि ब्रेकच्या पाइपला बांधायची नाही, सायलेन्सर आणि टर्बोपासून वीतभर तरी लांब ठेवायची.

रस्त्यावर निघण्याआधी दोन तपासण्या केल्या. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. स्वस्तातले बहुतेक फक्त घरातल्या विजेचा एसी प्रवाह मोजतात आणि इथे शून्य दाखवतात. पहिली तपासणी: एसी, ब्लोअर, हेडलाइट सगळं चालू, स्टेशन चार्जिंगवर, इंजिन २००० आरपीएमवर, आणि क्लॅम्प बॅटरीच्या मूळ निगेटिव्ह केबलभोवती. प्रवाह बॅटरीत जात असेल किंवा शून्याजवळ असेल तर ठीक. बॅटरीतून बाहेर येत असेल तर अल्टरनेटरला हा भार झेपत नाही आणि कन्व्हर्टरचे व्होल्ट कमी करावे लागतील. मग आयडलवर तेच बघा. आमच्या गाडीत एसी चालू असताना आयडलवर प्रवाह उलटा होतो, म्हणून डॅशबोर्डवरचा तो स्विच. एसी बंद केला की आयडलवरही हिशेब जुळतो.

दुसरी तपासणी व्होल्ट पडण्याची. पूर्ण भारावर मीटरची एक टोकणी बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी कन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हला लावा. मग तेच निगेटिव्हला. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर फ्यूज, रिले आणि प्रत्येक थिंबलवर वेगवेगळं मोजत जा. ज्या जोडावर ५० मिलिव्होल्टच्या वर दिसेल तो उघडून पुन्हा करा. अर्धा तास चालवल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने अल्टरनेटरची मागची बाजू बघा. १०० अंशांच्या वर जात असेल तर ३० व्होल्टवर या.

स्टेशनची जागा उष्णता बघूनच ठरवावी लागते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असलेली स्टेशनं साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग थांबवतात, आणि चार्जिंग होताना स्टेशन स्वतःही तापतं. दुपारी पार्किंगमध्ये उभी राहिलेली गाडी आतून पन्नाशी सहज ओलांडते. निघाल्यावर स्क्रीनवर शून्य वॅट आणि तापमानाची खूण दिसली की लोक फ्यूज शोधत बसतात. बिघाड काहीच नसतो, बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) आपलं काम करत असतो. केबिन थंड झाली की चार्जिंग आपोआप सुरू होतं. स्टेशन बंद कपाटात किंवा सीटखालच्या पेटीत ठेवू नका. पंख्याच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटर मोकळी जागा, आणि जमिनीवर. १२-१५ किलोचं हे धूड अचानक ब्रेक लागला तर पुढे येतं, म्हणून लोखंडी कोपरे जमिनीत बोल्ट करून वरून रॅचेट पट्ट्याने आवळलं आहे.

राष्ट्रीय महामार्ग ५२ वर संभाजीनगरहून निघालं की २० टक्क्यांवरचं १ किलोवॅट-तासाचं स्टेशन बीड येईपर्यंत नव्वदीत पोचतं. एकसारखा वेग, भरपूर वारा, अल्टरनेटरला याहून चांगला रस्ता नाही, समृद्धीवरही तेच. नव्वदीनंतर स्टेशन स्वतःच प्रवाह कमी करतं, त्यामुळे पुढे मांजरसुंब्याचा घाट चढताना भार उरतच नाही. उलट दिशेने कन्नडच्या औट्रम घाटात गाड्यांच्या रांगेत तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेलात तर इंजिन तापलेलं, वारा नाही आणि आरपीएम अस्थिर. तिथे स्विच बंद. वेरूळसारख्या अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराला दोन-अडीचशे वॅट-तासांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

डिझेल किती जातं हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. १ लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिन, पट्टा आणि अल्टरनेटर यांच्या कार्यक्षमता एकमेकींना गुणल्या की हातात पावणेदोन-दोन किलोवॅट-तास येतात. म्हणजे १ किलोवॅट-तासाचं स्टेशन चालत्या गाडीवर भरायला अर्धा ते पाऊण लिटर. उभ्या गाडीचं इंजिन केवळ चार्जिंगसाठी चालू ठेवलं तर मात्र निम्म्याहून जास्त डिझेल नुसतं इंजिन फिरवण्यात जातं, अल्टरनेटर हवेविना तापतो आणि बीएस-६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरतो. मुक्कामी उन्हाचीच वीज घ्या. छतावर ४०० वॅटचे पॅनल असतील तर पावसाळा सोडून दिवसाला दीड किलोवॅट-तासाच्या पुढे मिळतात.

पॅनल आणि कन्व्हर्टर एकाच सोलर इनपुटवर आणायचे असतील तर ते समांतर जोडू नका. मध्ये डीसीचा दोन-पोल चेंजओव्हर स्विच हवा, एका वेळी एकच. आम्ही बदल गाडी थांबवून, आधी भार बंद करून करतो, कारण ४० व्होल्ट डीसीची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी लगेच विझत नाही.

नेहमीच्या तक्रारी थोडक्यात. जोडूनही फक्त शंभर वॅट येत असतील तर स्टेशनच्या ॲपमध्ये इनपुट ‘कार’वर अडकलं आहे, ते ‘सोलर’ करा. काहीच येत नसेल तर आधी स्टेशनच्या सोलर इनपुटला लागणाऱ्या एक्सटी६० प्लगचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मीटरने तपासा, बाजारात तयार मिळणाऱ्या काही वायरी उलट्या असतात. एफएम रेडिओवर खरखर वाढली तर कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर फेराइटचे मणी चढवा आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकमेकींना चिकटवून न्या. एसी लावल्यावर पट्टा किंचाळत असेल तर त्याचा ताण बघा. जादा भारात सैल पट्टा आधी घसरतो आणि मगच तुटतो.

ज्यांच्या स्टेशनचं सोलर इनपुट ३० व्होल्टच्या आतलं आहे, त्यांना इन्व्हर्टरचा रस्ता सोपा पडतो. १००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर घ्या, मॉडिफाइड साइनवर स्टेशनचा चार्जर तापतो. स्टेशन सुरुवातीलाच हजार वॅट मागतं, म्हणून ॲपमधून एसी चार्जिंग (घरगुती चार्जरचा वेग) ३०० वॅटवर आणूनच प्लग लावा. दोनदा रूपांतर झाल्याने २० टक्क्यांच्या आसपास वाया जातं. फ्यूज, रिले आणि केबल वरच्याच मापाचे.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण तांबं दाबाखाली बसतं आणि नवा जोड थोडा सैल होतो. त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्याआधी व्होल्ट पडण्याची तपासणी पुन्हा करा. दिवाळीनंतर गाडी शेतात किंवा अंगणात उभी राहणार असेल, तर फ्लेक्सिबल पाइपच्या तोंडाशी स्टीलची जाळी बांधा आणि मिडी फ्यूज काढून ठेवा. सुगीच्या दिवसांत उंदीर बॉनेटखाली शिरतात, आणि फ्यूज आणि बॅटरीमधला वीतभर तुकडा कुरतडला गेला तर त्याला वाचवायला कुठलाच फ्यूज नसतो. त्या तुकड्यावर आम्ही जाड रबरी नळी चढवून दोन्ही टोकं क्लॅम्पने बंद केली आहेत.